मागच्या अंगणातलं बिऱ्हाड

सावेडी, केडगावकडे बघा. पुढे घर, मागे दोन खोल्या. त्यात धाकटा भाऊ असेल, नाहीतर भाडेकरू. वाड्यात अनेक बिऱ्हाडं नांदायची, त्याच रीतीचं हे आजचं रूप.

आता कायदा काय म्हणतो? १९६६ चा नगररचना अधिनियम म्हणतो, आधी परवानगी, मग बांधकाम. २००१ चा गुंठेवारी कायदा म्हणतो, बिनपरवाना तुकडे पाडलेल्या प्लॉटवर आधीच बांधलंय ना, मग अटी पाळा, शुल्क भरा, नियमित करून घ्या. त्याची मर्यादा होती १ जानेवारी २००१. २०२१ च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२० झाली.

माझा आक्षेप दयेला नाही, दयेच्या सवयीला आहे. माफी पुन्हा मिळणारच असेल, तर नियम पाळणारा वेडा ठरतो. शिवाय माफी मिळते मालकाला. मागच्या खोलीतल्या भाडेकरूच्या हाती काय पडतं?

२०२० च्या एकत्रित नियमावलीत लहान प्लॉटसाठी सोपी वाट आहे. महापालिकेने तीच पुढे न्यावी: इतकी मोकळी जागा सोडा, हा घ्या नमुना नकाशा, दुसरं बिऱ्हाड खुशाल बांधा. जे उद्या माफ करायचं, ते आजच नीट करू द्यायला अडचण कसली?