राणीची बाग, विंचू आणि आपली मुले

परदेशी वाढणाऱ्या आपल्या मुलांना मराठी येत नाही, ही तक्रार आता जुनी झाली. मुलांच्या हाती कोणती कविता द्यावी, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. भारतातून येणारे पाहुणे आमसुले आणतात, पोहे आणतात आणि एखादे बालगीतांचे पुस्तकही आणतात. आमसुले आणि पोहे महिन्याभरात संपतात. पुस्तक कपाटात तसेच राहते. हा दोष मुलाचा, पुस्तकाचा की आपल्या निवडीचा, याचा विचार येथे करावयाचा आहे. त्यासाठी आम्ही मँचेस्टर हे शहर डोळ्यांपुढे ठेवले आहे. कुमारवयीनांच्या कवितेच्या बाबतीत या शहराचा बेने इस्राएलांशी एक संबंध आलेला आहे आणि तो आपल्यापैकी पुष्कळांच्या लक्षात आलेला नाही.

प्रथम लहान मुलांची पुस्तके घेऊ. मराठीत या बाबतीत दारिद्र्य नाही. विंदा करंदीकरांची 'राणीची बाग' १९६१ साली निघाली. त्यानंतर 'एटू लोकांचा देश', 'परी ग परी', 'अजबखाना', 'पिशीमावशी आणि तिची भुतावळ' अशी एकाहून एक सरस पुस्तके त्यांनी मुलांना दिली. मंगेश पाडगावकरांचे 'भोलानाथ', वसंत बापटांचे 'अबडक तबडक' हीही त्याच पंगतीतली. भायखळा, माझगाव, जेकब सर्कल येथे वाढलेल्या आपल्या पिढीला तर राणीची बाग म्हणजे घरचे अंगण. १९६९ मध्ये तिचे नाव जिजामाता उद्यान झाले, तरी आपल्या तोंडी जुनेच नाव राहिले. तेव्हा हे पुस्तक आपल्या घरात असावे, हे सांगावयास नको.

परंतु मँचेस्टरच्या मुलाने राणीची बाग पाहिलेली नाही. मग त्याने हे पुस्तक का ऐकावे? आमचे उत्तर असे की, करंदीकरांच्या बालकवितेचा जीव माहितीत नाही, नादात आणि गमतीत आहे. हत्ती आणि माकडे कोणत्याही देशातली चालतात. पिशीमावशीची भुते पाहण्यासाठी कोकणात जावे लागत नाही. शब्द एकमेकांवर आपटून जो आवाज होतो त्यालाच मूल हसते. अर्थ मागाहून विचारते, किंवा विचारतही नाही. करंदीकर, बापट आणि पाडगावकर या तिघांनी गावोगाव फिरून हजारो श्रोत्यांपुढे कविता म्हटल्या. त्यांच्या बालकविताही कानासाठीच घडलेल्या आहेत. ज्या मुलाला देवनागरी वाचता येत नाही त्यालाही त्या पोहोचतात, हा त्यांचा मोठा गुण आपल्या दृष्टीने सोन्याच्या मोलाचा आहे.

याच्या उलट जी बोधपर पद्ये असतात, म्हणजे लवकर उठावे, खोटे बोलू नये, थोरांचे ऐकावे या जातीची, ती परदेशात एक दिवसही टिकत नाहीत. त्यांतला बोध मुलाला शाळेत इंग्रजीतून मिळालेलाच असतो आणि नाद तर त्यांत नसतोच. दुर्दैवाने भेट म्हणून येणाऱ्या स्वस्त पुस्तकांत याच पद्यांचा भरणा अधिक. कपाटात पडून राहणारे पुस्तक बहुधा हे असते.

संदर्भाची अडचण चांगल्या कवितेतही येते, हे कबूल केले पाहिजे. पाडगावकरांचे मूल भोलानाथाला विचारते की पाऊस पडून शाळेला सुट्टी मिळेल काय? मँचेस्टरमध्ये पाऊस वर्षभर पडतो आणि शाळा काही बंद राहात नाही! शिवाय मान हलवून उत्तर देणारा नंदीबैल तेथल्या मुलाने कोठे पाहावा? परंतु अशी कविता टाकून देऊ नये. येथे आजीला बोलण्यास जागा मिळते. आपल्या चाळीखाली नंदीबैल कसा येई, मुंबईत पाणी तुंबले की शाळा कशी सुटे, हे तिने सांगितले की कवितेबरोबर एक आख्खी मुंबई मुलाच्या पदरात पडते. समजावून सांगण्याजोगे काही असणे हा कवितेचा दोष नव्हे. समजावून सांगणारे घरात कोणी नसणे हा आपला दोष होय.

खरी उणीव यापुढे आहे. मूल अकरा-बारा वर्षांचे झाले की मराठी बालगीत त्याला पोरकट वाटू लागते, आणि प्रौढांची मराठी कविता त्याला झेपत नाही. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून या वयाच्या मुलांसाठी निघत आले आहे आणि त्यात कविताही असतात. पण खास कुमारांसाठी काढलेले कवितासंग्रह मराठीत बालगीतांच्या मानाने फारच थोडे. या वयात आपली मुले मराठी कवितेपासून तुटतात ती कायमचीच. त्यांच्यापुढे राहते ती शाळेतली इंग्रजी कविता. तिच्यात काय होते, हे आता पाहू.

मँचेस्टरला मुख्य कार्यालय असलेल्या ए.क्यू.ए. या परीक्षा मंडळाने २००० नंतरच्या दशकात सोळा वर्षांच्या मुलांच्या परीक्षेसाठी एक कवितासंग्रह नेमला होता. त्यात 'भिन्न संस्कृतींतील कविता' असा एक विभाग होता आणि त्यातील सोळा कवितांपैकी एक निस्सीम इझिकिएल यांची 'नाइट ऑफ द स्कॉर्पियन' होती. इझिकिएल (१९२४–२००४) आपल्या बेने इस्राएल समाजातले, मुंबईचे. ही कविता त्यांच्या १९६५ सालच्या 'द एग्झॅक्ट नेम' या संग्रहातली. इंग्लंडमधील असंख्य मुलांनी ती परीक्षेसाठी वाचली. २०१० मध्ये अभ्यासक्रम बदलला आणि तो विभाग गेला.

कवितेतील हकीकत साधी आहे. पावसाच्या रात्री तांदळाच्या पोत्याखाली दडलेला विंचू आईला डसतो. शेजारीपाजारी कंदील घेऊन जमतात, देवाचे नाव घेतात, गेल्या जन्मीच्या पापाच्या गोष्टी बोलतात. बुद्धिवादी बाप सर्व उपाय करतो. शेवटी दंशाच्या जागी रॉकेल ओतून काडी लावतो. वीस तासांनी वेदना ओसरते, आणि आई बोलते ते एवढेच की विंचवाने मुलांना सोडून मला धरले, हे देवाचे उपकार.

या कवितेवर असा आक्षेप घेता येईल की, आपल्या लोकांचा अडाणीपणा परक्यांपुढे मांडून कवीने काय मिळवले? आम्हांस हा आक्षेप मान्य नाही. कवी शेजाऱ्यांना हसत नाही, आणि बापाच्या विज्ञानाला डोक्यावरही घेत नाही. मंत्राने वेदना थांबत नाही, तशी रॉकेलानेही नाही. या सर्व गलबल्यात आईकडे कोणी काही विचारत नाही. ती बोलते ते शेवटी, आणि तेवढ्याने कविता तिची होते. पंधरा वर्षांच्या मुलाला आईबापांविषयी जे अवघड प्रश्न पडतात ते येथे आहेत. ही कविता कुमारांसाठी लिहिलेली नाही, म्हणूनच ती कुमारांना चालते. त्यांना खाली वाकून बोललेले आवडत नाही.

आमचा आक्षेप आहे तो विभागाच्या नावावर. 'भिन्न' म्हणजे कोणापासून भिन्न? त्याच वर्गात आपल्यापैकी एखादे मूल बसले असेल, तर त्याच्या पणजीच्या घरातला कंदील आणि तांदळाचे पोते त्याला परकी वस्तू म्हणून शिकविले जात होते. कवी आपल्याच समाजाचा आहे हे त्याला घरी कोणी सांगितले होते काय? पाठ्यपुस्तकाला दोष देताना हा प्रश्न आपण स्वतःलाही विचारावा. याच इझिकिएलांनी वृंदा नाबर यांच्यासह इंदिरा संतांच्या मराठी कवितांचे इंग्रजी भाषांतर केले आणि ते १९७५ साली 'स्नेक-स्किन' या नावाने निघाले. मराठी वाचता न येणाऱ्या आपल्या मोठ्या मुलांना मराठी कवितेकडे नेणारा हा पूल आपल्याच माणसाने बांधून ठेवला आहे.

त्याच विभागात सुजाता भट्ट यांची 'सर्च फॉर माय टंग' या कवितेचा काही भाग होता. त्यांचे बालपण पुण्यात गेले, मातृभाषा गुजराती. आणि त्यांचे प्रकाशक कारकनेट हे मँचेस्टरचेच. या कवितेच्या मध्यभागी गुजराती ओळी गुजराती लिपीत छापल्या आहेत व त्यांचा उच्चार रोमन अक्षरांत दिला आहे. भाषा हरवण्याची भीती हाच तिचा विषय. आपल्या मुलांसाठी मराठी पुस्तके कशी छापावीत याचा नमुनाच येथे मिळतो: मूळ ओळी देवनागरीत, खाली उच्चार रोमन किंवा हिब्रू अक्षरांत, आणि शेवटी अर्थ. असे एक पुस्तक निघाले तर ते कपाटात पडून राहणार नाही.

मँचेस्टर शहराने या बाबतीत थोडी वाट करून दिली आहे. तेथील मेट्रोपॉलिटन विद्यापीठात प्राध्यापक असलेल्या आणि २००९ ते २०१९ राजकवी राहिलेल्या कॅरल ॲन डफी यांनी मुलांसाठी पुष्कळ कविता लिहिल्या आहेत. 'मीटिंग मिडनाइट' या संग्रहात मध्यरात्र बाईच्या रूपाने भेटते. पिशीमावशी आवडणाऱ्या मुलास ती नक्की आवडेल. त्यांच्याच पुढाकाराने शाळांसाठी 'मदर टंग अदर टंग' ही स्पर्धा सुरू झाली. तीत मुलाने घरच्या भाषेतील गाणे किंवा अंगाई आणून तिच्याविषयी लिहावयाचे असते. त्याच विद्यापीठाने २०२१ मध्ये केवळ कवितेचे असे ग्रंथालय सर्वांसाठी उघडले असून तेथे अनेक भाषांतील कविता ठेवली जाते. तेथे जाऊन मराठी पुस्तके मागणे, आणि नसल्यास 'राणीची बाग' भेट देणे, हे आपल्याला अशक्य नाही.

सारांश, दहा वर्षांपर्यंत करंदीकर आणि पाडगावकर, तेही मोठ्याने म्हणून. पुढे इझिकिएल व सुजाता भट्ट, आणि त्यांच्यामार्फत इंदिरा संत. पुस्तक आणून देणे पुरेसे नाही. रोज पाच मिनिटे त्याबरोबर बसणेही आले. आणि ज्या घरांत आजीच्या अंगाया किंवा मराठी कीर्तनांतील पदे अजून कोणाला पाठ आहेत, त्यांनी ती वहीत उतरवून घ्यावीत, जमल्यास आवाजही ध्वनिमुद्रित करावा. पाठ असणारी माणसे थोडी उरली आहेत. हे काम पुढील सुट्टीवर टाकू नये, अशी वाचक बंधुभगिनींस आमची विनंती आहे.