कुसळाची बाजू

दिवाळीच्या सुमारास येरमाळ्याच्या डोंगरावर गेले, की बालाघाटचा माळ पिवळा पडू लागलेला दिसतो. येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत भाविक येथे चुनखडीचे खडे वेचतात. कार्तिकात मात्र काही वेचावे लागत नाही. धोतराच्या सोग्यात, लुगड्याच्या काठात माळ आपण होऊन आपली खूण रोवून देतो. ती खूण म्हणजे कुसळ. पायऱ्या सोडून पाऊलवाटेने उतरलेला माणूस मग घरी उंबऱ्यावर बसून बराच वेळ कुसळे उपटीत राहतो.

हा शब्द आपणा सर्वांच्या तोंडी आहे. पण तो माळावरून आलेला नव्हे, म्हणीतून आलेला. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्यामुळे लिहिण्याबोलण्यात कुसळ म्हणजे क्षुल्लक कण, असा अर्थ रूढ होऊन बसला आहे. हा अर्थ खोटा नव्हे, पण अपुरा आहे. आणि त्याने एक चांगली म्हण बोथट झाली आहे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

बोलीत कुसळ म्हणजे गव्हाच्या ओंबीवरचा ताठ, खरखरीत केस, आणि माळावरच्या गवताचे अणकुचीदार, शेपटीचे बीही. ज्या गवताला असे बी येते त्याला कुसळी म्हणतात. अवयवाच्या नावानेच सबंध गवत ओळखावे, इतका त्या अवयवाचा दरारा! लिनियसने १७५३ साली या गवताचे वर्णन केले, तेव्हा त्याच्या नावात ‘कॉन्टॉर्टस’, म्हणजे पिळलेले, हे विशेषण घातले. दूरच्या हवाई बेटांवर याच गवताला ‘पिली’, म्हणजे चिकटणारे, म्हणतात. तेथे पूर्वी त्याने घरे शाकारीत. एकाला पीळ दिसला, दुसऱ्याला चिकटपणा. आपल्या लोकांना बोचणे आठवले.

आणि हे बोचणे साधे नाही. कुसळाची शेपटी वाळली की पीळ घेते, ओल लागली की पीळ सोडते. या वळण्या-उलगडण्याने बी गिरमिटासारखे जमिनीत शिरते. टोकाशी मागे कललेले ताठ केस असतात. म्हणून आत गेलेले सहसा मागे येत नाही. जमिनीऐवजी कापड भेटले तर कापडात शिरते, लोकर भेटली तर लोकरीतून कातड्यात.

डोंगराच्या उतारावर मेंढरे राखीत बसलेल्या एका म्हाताऱ्या धनगरबाबांना मी ही म्हण ऐकवली. ते हसले नाहीत. म्हणाले, “गुरुजी, मुसळ कुनाच्या डोळ्यात जातंय व्हय? जातंय ते कुसळच. येळंवर काढलं न्हाई, तर मेंढरू आंधळं हुतं.”

म्हणीवरची इतकी नेमकी टीका मी कोठे वाचलेली नाही. म्हणीतली अतिशयोक्ती मुसळात आहे; कुसळ मात्र अगदी खरे आहे. आपण दोहोंना एकाच मापात घातले आणि लहान दोष, मोठा दोष, असा हिशेब मांडला.

गवत विसरून शब्द जगतो, हे काही नवे नाही. अकराव्या शतकातल्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त ‘कुशल’ हा शब्द रूढ लक्षणेचे उदाहरण म्हणून घेतला: मूळ अर्थ कुश खुडून आणणारा, रूढ अर्थ निपुण. पुढे ‘साहित्यदर्पण’कार विश्वनाथाने हरकत घेतली, की निपुण हाच त्याचा मुख्य अर्थ होय. कुशल आणि कुसळ ही सख्खी भावंडे आहेत, असे मी म्हणत नाही. पण ‘कुशल’मधला कुश हरवला तरी त्या शब्दाचे काम अडत नाही, म्हणीतल्या कुसळाचे टोक गेले, की म्हणच अडते.

ती कशी अडते पाहा. बायबलच्या नव्या करारात हाच दृष्टान्त आहे. ग्रीक मुळात वाळकी काडी आणि घराची तुळई आहे. मराठी अनुवादकांनी तेथे कुसळ आणि मुसळ योजले. पण तो दृष्टान्त दिसण्यापाशी थांबत नाही. आधी आपल्या डोळ्यातले काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातले काढावयाला तुला स्वच्छ दिसेल, असा त्याचा शेवट आहे. आपली म्हण मात्र अर्ध्यावर थांबते, आणि आपण तिचा उपयोग समोरच्याचे तोंड बंद करण्यासाठी करतो. दिवाळीत घर भरलेले असते. कोणी कोणाला वर्मी लागेल असे बोलतो. दुसरा ते दाखवतो. लगेच म्हण फेकली जाते आणि फराळ पुढे चालू होतो. कुसळ मात्र तेथेच राहते, आणि आत आत जात राहते.

स्वतःच्या डोळ्यातले कुसळ स्वतःला दिसत नाही, काढताही येत नाही. त्याला दुसऱ्याची नजर आणि दुसऱ्याचा हलका हात लागतो. हसण्यासाठी पाहणे वेगळे आणि काढण्यासाठी पाहणे वेगळे. धनगरबाबांनी बोलता बोलता एक मेंढरू गुडघ्यांत धरले होते, आणि त्याची पापणी बोटाने उचलून ते आत पाहत होते.