हे कोण म्हणणार?

यंदा आमच्या शिरगावात सप्ताहाच्या सांगतेच्या आदल्या संध्याकाळी 'अभंगसंध्या' करायचं ठरलं आणि अभंग निवडायचं काम माझ्याकडे आलं. गाण्यातलं मला फार कळतं म्हणून नाही. माझ्याकडे लॅपटॉप आहे म्हणून.

शिरगाव म्हणजे सोमाटणे फाट्यावरून आत आलं की लागतं ते. बाहेरचे लोक त्याला 'प्रति शिर्डी' म्हणून ओळखतात, साईबाबांच्या मंदिरामुळे. गहुंजेचं क्रिकेट स्टेडियम जवळ, देहूही जवळ. मधल्या शेतांत आता टॉवर उभे राहिलेत आणि त्यांत माझ्यासारखेच हिंजवडीला जाणारे लोक राहतात. फरक एवढाच, की मी इथलीच. अभंगसंध्येत सगळ्यांनी मिळून गायचं होतं: गावचं भजनी मंडळ, आईचं महिला मंडळ आणि सोसायट्यांमधले सात-आठ हौशी. एकूण २४ गळे.

मी एका रात्रीत यादी केली. बारा अभंग, प्रत्येकापुढे यूट्यूबची लिंक, कालावधी, राग. भीमसेन, लता, किशोरीताई, अभिषेकीबुवा, बाबूजी. आपल्या पिढीला अभंग म्हटल्यावर जे आठवतं ते सगळं. बुवांनी चष्मा लावून माझ्या फोनवर यादी पाहिली, दोन लिंका ऐकल्याही. "छान आहे गं," म्हणाले. "पण पोरी, हे कोण म्हणणार?"

मला वाटलं, त्यांना सोलो गायक कोण असं विचारायचंय. त्यांना विचारायचं होतं, की उरलेले तेवीस जण तोवर काय करणार.

त्यानंतर तीन आठवडे मी हाच प्रश्न घेऊन अभंगांच्या मैफिली ऐकल्या, काही समोर बसून, बऱ्याचशा फोनवर. माझं मत असं झालंय: ज्या यादीला आपण 'अभंगांचे क्लासिक्स' म्हणतो, ती अभंगांची यादी नाहीच. ती रेकॉर्डिंगची यादी आहे. ती रेकॉर्डिंग थोर आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण ती एका गळ्यासाठी बांधलेली आहेत. भीमसेन जोशींच्या 'संतवाणी'ने अभंग नाट्यगृहात रुजवला आणि तिथे टाळकरी मागच्या रांगेत गेले. श्रीनिवास खळे यांनी लता मंगेशकरांसाठी तुकारामांच्या अभंगांना लावलेल्या चाली घ्या. त्यांतल्या 'भेटीलागी जीवा'ची चाल अशी हळूहळू वळत जाते, की प्रत्येक वळणावर थांबायचं कुठे हे गाणाऱ्या एकट्या बाईलाच ठाऊक असतं. आम्ही ती चोवीस जणांनी म्हणून पाहिली. पहिल्या कडव्यानंतर आईच हसायला लागली.

मग मी मजकुराकडे गेले, आणि इथे माझ्यातल्या इंजिनियरला मजा आली. मोठ्या अभंगाची रचना सहा-सहा-सहा-चार अक्षरांची असते. पहिले तीन चरण सहा अक्षरांचे, दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक जुळतं, आणि चौथा चरण चारच अक्षरांत संपतो. हा चौथा तोकडा चरण मला शाळेत पाठ करताना विचित्र वाटायचा. मंडळात बसून म्हटल्यावर तो काय करतो ते कळलं. तिथे सगळे एकदम थांबतात, श्वास घेतात, टाळ पुढे चालू राहतात, मग पुढचं कडवं उचलतात. ज्यांचा गळा शिकलेला नाही अशा वीस-पंचवीस माणसांना एकत्र ठेवायची सोय त्या चार अक्षरांत आहे. आणि रेकॉर्डिंगमध्ये नेमकी हीच जागा अनेकदा आलापीने नाही तर व्हायोलिन-बासरीने भरलेली असते.

दुसरी गोष्ट धृपदाची. तुकारामांच्या गाथेत पहिल्या कडव्यापुढे एक आकडा असतो आणि 'ध्रु.' ही खूण बहुतेक दुसऱ्या कडव्यापुढे. म्हणजे परत परत म्हणायचं ते दुसरं कडवं. 'सुंदर ते ध्यान' आपण ऐकतो तेव्हा पहिली ओळच पुन्हा पुन्हा येते, कारण गाणं ओळखलं जातं ते पहिल्या ओळीने. मंडळात मात्र बुवा पहिलं कडवं सांगतात आणि धृपद सगळ्यांच्या हवाली करतात. त्या अभंगातलं धृपद गळ्यातल्या तुळशीहाराचं आणि पीतांबराचं आहे, आणि हे रूप मला सतत आवडो असं त्यात मागणं आहे. आमचे टाळकरी साठ वर्षं तेवढंच कडवं मनापासून म्हणत आलेत. माझ्या यादीतल्या लिंकवर ते एकदा येतं आणि जातं.

पट्टीचा प्रश्न तर कोणी यादी करताना विचारातच घेत नाही. आमचे पुरुष काळी एकमध्ये सुखात असतात, बायका काळी पाचमध्ये. दोघांनी एकत्र म्हणायचं तर पांढरी चारपाशी तडजोड होते, जी पुरुषांना चढ आणि बायकांना खाली जाते. अशा वेळी चाल एका सप्तकात राहणारी हवी. जी चाल खालच्या पंचमापासून वरच्या पंचमापर्यंत फिरते ती मैफिलीत टाळ्या घेते, पण आमच्याकडे तिच्या दोन्ही टोकांना निम्मे लोक गप्प होतात. बुवांनी सुचवलेल्या वारकरी चाली ऐकल्या तर पहिल्यांदा सपाट वाटतात. मलाही वाटल्या. बुवा तरुणपणी आळंदीत राहून शिकले. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली तिथे वारकरी शिक्षण संस्था काढली, तिच्या भोवती या चाली तोंडातोंडी टिकल्या. त्यांतली गंमत सुरांच्या फिरतीत नाही, लय चढत जाण्यात आहे. ती ऐकणाऱ्याला उशिरा कळते, म्हणणाऱ्याला लगेच.

यादीतल्या 'इंद्रायणी काठी'वर खरा वाद झाला. सोसायटीतल्या एका काकांनी सांगितलं, तुकोबांचं हे गाणं देहूच्या इतक्या जवळ गायचं नाही म्हणजे काय! मी हळूच सांगितलं, की हे गाणं तुकोबांचं नाही. ते ग. दि. माडगूळकरांचं आहे, १९५३ च्या 'गुळाचा गणपती' या सिनेमातलं, संगीत पु. ल. देशपांड्यांचं. आणि गाण्यातली इंद्रायणी देहूची नाही, आळंदीची आहे. काकांचा चेहरा पडला. 'कानडा राजा पंढरीचा' हेही माडगूळकरांचंच, १९७० च्या 'झाला महार पंढरीनाथ'मधलं, हे मग मी त्या दिवशी सांगितलंच नाही.

सिनेमातलं आहे म्हणून ते वगळावं असं माझं म्हणणं नाही. माडगूळकरांना अभंगाची भाषा इतकी आतून येत होती, की लोकांनी ते गाणं संतांच्या खात्यावर जमा केलं. कवीला याहून मोठी पावती काय हवी. पण निवेदनात 'संत तुकाराम म्हणतात' असं सांगून ते गायचं, ही आळशी निवड आहे, आणि मी ऐकलेल्या कार्यक्रमांपैकी दोनांत हेच झालं. गाथेत साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत. तुकोबा ज्या भंडारा डोंगरावर जाऊन बसायचे तो आमच्या तालुक्यातला. आणि आम्ही त्यातले सहा-सातच आलटून पालटून गाणार?

इथे थोडं विषयांतर करते. देवळातलं गाणं मंचावर आणताना काय होतं, हा प्रश्न फक्त आपला नाही. बाखचं 'सेंट मॅथ्यू पॅशन' हे चर्चमधल्या गुड फ्रायडेच्या उपासनेसाठी लिहिलेलं काम. १८२९ मध्ये फेलिक्स मेंडेलसन नावाच्या वीस वर्षांच्या मुलाने ते बर्लिनमध्ये एका हौशी गायकवृंदाकडून सभागृहात गाऊन घेतलं. त्या प्रयोगानंतर बाख पुन्हा लोकांपर्यंत पोचला. पण मेंडेलसनने मूळ काम तसंच ठेवलं नव्हतं, त्याने अनेक एकल गाणी गाळली होती. आमच्याकडे कात्री उलट्या बाजूने चालते. आम्ही समूहाचं कापतो आणि एकट्याचं ठेवतो.

आता ज्या निवडीवर मला स्वतःला सगळ्यात जास्त विचार करावा लागला ती. सोयराबाई. चोखोबांच्या पत्नी, स्वतः कवी. अभंगांच्या जवळजवळ प्रत्येक मैफिलीचा शेवट त्यांच्या 'अवघा रंग एक झाला'ने होतो, किशोरी आमोणकरांनी भैरवीत अजरामर केलेल्या. तो आनंदाचा, एकरूप होण्याचा अभंग आहे, आणि शेवटाला तो शोभतो. पण सोयराबाईंनी विटाळावरही लिहिलंय. सगळे देहाला विटाळ म्हणतात, पण विटाळ देहातच जन्मतो, मग विटाळाशिवायचा देह दाखवा कुठे आहे, असा त्या अभंगाचा सूर. तो मी एकाही मैफिलीत ऐकला नाही. सोयराबाईंना पंढरपूरच्या देवळात पाऊल टाकायची मुभा नव्हती, आणि त्यांच्या तोंडी आपण फक्त 'सगळे रंग एक झाले' एवढंच ठेवतो. ही निवड संगीताच्या कारणाने होत नाही हे उघड आहे.

मी तो यादीत घातला. बैठकीत शांतता पसरली. कोणी नको म्हणालं नाही. कोणी "सणासुदीला कशाला" म्हणालं, कोणी "चाल नाही त्याला" म्हणालं. चालीचं म्हणणं खोटं होतं, कारण अभंगाच्या मापातल्या मजकुराला मंडळातली कुठलीही चाल बसवता येते, ते माप त्यासाठीच आहे. पाळी आली की आईच्या मंडळातल्या निम्म्या बायका अजून देवळाच्या पायरीपाशी थांबतात. हे बैठकीत कुणी बोललं नाही, पण सगळ्या बायकांना तेच आठवलं असणार. शेवटी आईच म्हणाली, "आम्ही म्हणतो." एवढंच. बुवांनी पेटी ओढली आणि हरिपाठाच्या ओळखीच्या चालीवर पहिलं कडवं बसवून दाखवलं. दहा मिनिटांत झालं.

त्यापुढची यादी भराभर ठरली. मंडळाचा जो रोजचा क्रम असतो, तोच कार्यक्रमाचा क्रम केला: आधी नामगजर, मग रूपाचा अभंग, मग दोन नामाचे, मग एकनाथांची गौळण. गौळण बायकांचीच, त्यात पुरुषांनी फक्त टाळ धरायचे. मला या क्रमाची आधी लाज वाटत होती, 'कॉन्सर्ट'सारखा वाटत नाही म्हणून. पण कुठलाही कसलेला निवेदक याहून चांगली चढण रचणार नाही. सुरुवातीला सगळ्यांना येतं ते, गळे तापले की अवघड ते, मध्ये थट्टामस्करी. सोयराबाईंचा अभंग गौळणीनंतर ठेवलाय, लोक हसून सैल झाले की. 'इंद्रायणी काठी' सोसायटीतले दोघे म्हणणार, माडगूळकरांचं नाव घेऊन. त्या चार-पाच मिनिटांत टाळकरी पाणी पितील, आणि ते त्यांना चालणार आहे.

शेवटी पसायदान. इथेही माझी पहिली निवड हृदयनाथांची, लताबाईंनी गायलेली चाल होती. ती सोडली. ज्ञानेश्वरीच्या शेवटच्या त्या नऊ ओव्या समोर बसलेल्या प्रत्येकाने शाळेच्या परिपाठात म्हटल्यात, ज्या चालीत म्हटल्यात त्या चालीतच त्या त्यांच्या तोंडात येतात, आणि लोक आपोआप उभे राहतात. हॅण्डेलच्या 'मसाया'तल्या 'हालेलुया'ला तिकडचे श्रोते उभे राहतात म्हणे. आपल्याकडे उभं राहून सोबत म्हणतातही.

अजून एक भांडण शिल्लक आहे. साउंडवाल्याकडे सहा माइक आहेत. त्याचं म्हणणं चार गायकांना आणि दोन पेटी-पखवाजाला. बुवा म्हणतात, गायकांचे दोन काढा आणि टाळांपुढे ठेवा. साउंडवाला म्हणतो, टाळ फाटतात माइकवर. परवा तालमीला तो येणार आहे, ऐकून ठरवू म्हणाला.