उभी स्वरलिपी : जुन्या गृहसंगणकांवरील संगीतरचनेच्या सॉफ्टवेअरचा समीक्षात्मक विचार

प्रस्तावना :

विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात युरोप, अमेरिका आणि जपान येथील मध्यमवर्गीय घरांत संगणकाने प्रवेश केला. कमोडोर ६४ व झेडएक्स स्पेक्ट्रम (१९८२), अटारी एसटी व अमिगा (१९८५) ही त्यांतील काही ठळक नावे होत. या यंत्रांवर प्रामुख्याने खेळ खेळले गेले. तथापि त्यांच्याच आधाराने संगीतरचनेची एक स्वतंत्र परंपरा उभी राहिली. या परंपरेविषयी जे लेखन झाले आहे त्याचा सूर बहुतांशी एकच आढळतो. यंत्राची स्मृती तुटपुंजी होती, एका वेळी तीन किंवा चारच ध्वनी काढता येत होते, आणि या टंचाईतूनच कल्पकतेला धार आली, असे त्यात सांगितले जाते. हे स्पष्टीकरण आकर्षक असले तरी ते अपुरे आहे. टंचाई तर सर्वच यंत्रांवर होती; मग त्यांवरील संगीत एकमेकांपासून इतके वेगळे का झाले? रचनाकार ज्या पडद्यावर स्वर लिहीत होता त्या पडद्याच्या मांडणीकडे, म्हणजेच सॉफ्टवेअरने पुरविलेल्या स्वरलिपीकडे, समीक्षेचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत लेखात या मुद्द्याचा विचार केला आहे.

चिप आणि रचनाकार :

कमोडोर ६४ मधील सिड ही ध्वनिचिप बॉब यानेस यांनी मॉस टेक्नॉलॉजी या कंपनीत असताना घडविली. तिच्यात तीन स्वतंत्र ध्वनी, चार प्रकारचे तरंगाकार, प्रत्येक ध्वनीच्या चढउतारासाठी स्वतंत्र नियंत्रण आणि एक सामाईक फिल्टर होता. यानेस यांच्यासमोर आदर्श होता तो संगीतकाराच्या सिंथेसायझरचा. पुढे ते एन्सोनिक या वाद्यनिर्मिती कंपनीचे एक संस्थापक झाले, यावरूनही त्यांच्या दृष्टीची कल्पना येते. चिप इतकी समर्थ असली तरी तिच्यासाठी रचना लिहिण्याची सोय यंत्रासोबत जवळजवळ नव्हतीच. बेसिक भाषेतून चिपच्या नोंदकोशांत एकेक आकडा भरणे एवढाच मार्ग सामान्य वापरकर्त्यासाठी खुला होता.

रॉब हबर्ड यांनी १९८५ मध्ये ‘मॉन्टी ऑन द रन’ आणि ‘कमांडो’ या खेळांसाठी केलेल्या रचना आजही नावाजल्या जातात. त्या कोणत्याही तयार सॉफ्टवेअरवर झालेल्या नाहीत. हबर्ड यांनी वादनाची आज्ञावली स्वतः लिहिली आणि स्वरांची माहिती आकड्यांच्या रूपात थेट स्मृतीत भरली. येथे रचनाकार आणि आज्ञावलीकार ही एकच व्यक्ती आहे. स्वतःची स्वरलिपी स्वतः घडविण्याचे हे सामर्थ्य मोजक्यांजवळ होते. बाकीच्यांना दुसऱ्याने घडविलेली लिपी स्वीकारावी लागली, आणि सॉफ्टवेअरचा खरा प्रश्न तेथे सुरू होतो.

तीन लिप्या :

पहिला पर्याय पाश्चात्त्य पंचरेषा-लिपीचा. विल हार्वी या किशोरवयीन मुलाने ॲपल दोन या संगणकासाठी लिहिलेले ‘म्युझिक कन्स्ट्रक्शन सेट’ इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने १९८३ मध्ये प्रकाशित केले. पडद्यावर पाच रेषा, खाली स्वरचिन्हे. चिन्ह उचलावे आणि रेषेवर ठेवावे. शिकण्यास हे फार सोपे. परंतु ही लिपी मुळात मानवी वादकासाठी सिद्ध झालेली आहे. स्वराची उंची आणि कालावधी ती सांगते. तो स्वर कोणत्या पोताचा असावा, कसा उमलावा, कसा थरथरावा हे वादकाच्या शिक्षणावर सोडून देते. संगणकाजवळ असे शिक्षण नसते. म्हणूनच या प्रकारच्या सॉफ्टवेअरमधून निघणारे वादन बिनचूक पण निष्प्राण वाटते. कागदावरचे जसेच्या तसे पडद्यावर आणले म्हणजे काम झाले, हा त्यामागील समज फसवा होता.

दुसरा पर्याय जपानमध्ये रुजला. तेथील संगणकांच्या बेसिकमध्ये ‘प्ले’ या आज्ञेसह अक्षरांत संगीत लिहिण्याची पद्धत रूढ होती. तिला म्युझिक मॅक्रो लँग्वेज म्हणतात. स्वरासाठी अक्षर, कालावधीसाठी आकडा, सप्तक बदलण्यासाठी चिन्ह, असे एका ओळीत सलग लिहीत जायचे. प्रत्येक ध्वनीची ओळ वेगळी. युझो कोशिरो यांनी एनईसी पीसी-८८०१ या संगणकावर याच पद्धतीचा स्वतः सुधारलेला अवतार वापरला, आणि १९९१ चे ‘स्ट्रीट्स ऑफ रेज’चे संगीतही त्यावरच लिहिले. या पद्धतीत लेखक एका ध्वनीची ओळ आरंभापासून अखेरपर्यंत एकसंध पाहतो. तिन्ही ओळी एकमेकींवर नेमक्या कोठे येतात हे मात्र डोळ्यांना दिसत नाही, ते मनाशी मोजावे लागते. लांब, सलग चाल लिहिण्यास ही लिपी अनुकूल आहे.

तिसरा पर्याय ट्रॅकरचा. ख्रिस ह्यूल्सबेक यांचे ‘साउंडमॉनिटर’ १९८६ मध्ये ‘६४एर’ या जर्मन मासिकात छापील आज्ञावलीच्या रूपात आले. वाचकांनी ती घरी टंकित करून घ्यायची होती. त्यात तिन्ही ध्वनींचे स्तंभ शेजारी शेजारी होते आणि काळ वरून खाली सरकत होता. १९८७ मध्ये कार्स्टन ओबार्स्की यांच्या ‘अल्टिमेट साउंडट्रॅकर’ने हीच उभी मांडणी अमिगावर आणली. व्यापारी उत्पादन म्हणून त्याला फारसे यश लाभले नाही. परंतु हौशी आज्ञावलीकारांनी ते उघडले, दुरुस्त केले, वाढविले. त्यातूनच ‘नॉइजट्रॅकर’ (१९८९) आणि ‘प्रोट्रॅकर’ (१९९०) यांची पिढी निपजली. बाजाराने नाकारलेली वस्तू बिनपरवाना दुरुस्त्यांमुळे प्रमाण ठरावी, हे संगीतसाधनांच्या इतिहासात विरळाच.

ट्रॅकरचे अंतरंग :

प्रोट्रॅकरच्या पडद्यावर चार स्तंभ दिसतात, कारण अमिगाच्या पॉला या चिपवर चार ध्वनिमार्ग आहेत. एका पॅटर्नमध्ये ६४ ओळी. प्रत्येक चौकटीत स्वराचे नाव, ध्वनिनमुन्याचा क्रमांक आणि एक परिणाम-संकेत, एवढीच माहिती. एक चौकट ४ बाइटची, म्हणजे संपूर्ण पॅटर्न नेमका १०२४ बाइटचा. मूळ गतीनुसार युरोपीय यंत्रावर एक ओळ सहा टिकांची, आणि एक टिक सेकंदाचा पन्नासावा भाग. एक ओळ ०.१२ सेकंद चालते, तर पॅटर्न ७.६८ सेकंद.

या हिशेबाचे संगीतदृष्ट्या काय परिणाम झाले हे पाहणे उद्बोधक ठरते. एका ध्वनिमार्गावर एका वेळी एकच नमुना वाजतो. मग स्वरसंघात कसा लिहावा? त्यासाठी शून्य क्रमांकाचा परिणाम-संकेत आहे. चौकटीत ०४७ लिहिले की मूळ स्वर, त्यावरील चौथा अर्धस्वर आणि सातवा अर्धस्वर हे एकेका टिकेला आळीपाळीने वाजतात; ०३७ लिहिले तर मायनर संघात मिळतो. सेकंदाला पन्नास वेळा स्वर बदलल्याने कानाला स्वतंत्र स्वर न जाणवता एक झिलमिलणारा पोत जाणवतो. ही युक्ती सिडच्या काळापासूनची असली, तरी तिला तीन आकड्यांचे सुटसुटीत चिन्ह दिले ते ट्रॅकरने. चिन्ह मिळताच युक्तीची शैली झाली. ज्या गोष्टीला लिपीत नाव असते ती सहज लिहिली जाते, आणि जिला नसते ती हळूहळू सुचेनाशी होते.

दुसरी युक्ती याहून दूरगामी ठरली. संपूर्ण स्वरसंघातच एक नमुना म्हणून ध्वनिमुद्रित करायचा आणि तो वेगवेगळ्या उंचीवर वाजवायचा. यात एक ध्वनिमार्ग पुरतो. परंतु नमुना मायनर संघाताचा असेल तर तो कोणत्याही स्वरावर मायनरच राहतो. सगळे संघात समांतर सरकतात. पाश्चात्त्य हार्मनीच्या पाठ्यपुस्तकात हा दोष मानला जाईल. ट्रॅकर-संगीतात, आणि त्या काळच्या नृत्यसंगीतातही, तोच ओळखीचा रंग झाला. शिवाय नमुना वरच्या स्वरात वाजविला की तो तेवढाच लवकर संपतो, त्यामुळे एकाच वाद्याचा खालचा स्वर रेंगाळतो तर वरचा तुटक येतो. चांगले रचनाकार या विषमतेचा हिशेब धरूनच चाल बांधीत.

भारतीय वाचकाला येथे भातखंडे व पलुस्कर यांच्या स्वरलिपींविषयीचा वाद आठवणे स्वाभाविक आहे. दोहोंत ऐतिहासिक संबंध कोणताही नाही. तथापि मींड आणि आंदोलन कागदावर कसे उतरवायचे हा तेथील प्रश्न आणि स्वराचे घसरणे आकड्यांत कसे बांधायचे हा ट्रॅकरमधील प्रश्न यांत कुळीचे साम्य आहे. भेद एवढाच, की भातखंडे यांच्या लिपीत जे लिहिले गेले नाही ते गुरुमुखातून येते. ट्रॅकरमध्ये जे लिहिले नाही ते वाजतच नाही.

उणिवा :

या लिपीची स्तुती करताना तिने काय हिरावून घेतले याकडे दुर्लक्ष होता कामा नये. ६४ या आकड्याला चाराने निःशेष भाग जातो. तीनाने जात नाही. परिणामी चार-चारच्या ठोक्यात बांधलेल्या रचनांचा महापूर आला. पॅटर्न मध्येच तोडण्याची सोय होती, गतीही बदलता येत होती. पण त्यासाठी जाणीवपूर्वक खटपट करावी लागे. सोपी वाट उपलब्ध असताना बहुसंख्य लेखक तीच धरतात, आणि ट्रॅकरमध्ये सोपी वाट म्हणजे पॅटर्नची पुनरावृत्ती. सरासरी ट्रॅकर-रचना आठ सेकंदांच्या ठोकळ्यांची भिंत वाटते ती यामुळेच.

दुसरी उणीव स्वराच्या अंताची. प्रोट्रॅकरच्या चौकटीत स्वर सुरू होतो, परंतु त्याचा शेवट लिहिण्यासाठी स्वतंत्र चिन्ह नाही. आवाज शून्यावर आणावा, संकेताने तोडावा किंवा पुढचा स्वर त्यावर लिहावा. चालीतील श्वास, दोन वाक्यांमधील विराम, यांना या लिपीत जागा कष्टाने करावी लागते. पॉलाचे दोन ध्वनिमार्ग पूर्णतः डाव्या आणि दोन पूर्णतः उजव्या बाजूला जोडलेले असल्याने हेडफोनवर या रचना दुभंगलेल्या ऐकू येतात, हा आणखी एक दोष. तो मात्र लिपीचा नव्हे, यंत्राचा.

हा भेद नेमका धरणे आवश्यक आहे, कारण टंचाईच्या सिद्धान्ताची कसोटी येथेच लागते. १९९० नंतर वैयक्तिक संगणकांवर स्मृती व वेग दोन्ही वाढले. स्वीडनमधील ‘फास्टट्रॅकर दोन’ने ३२ आणि ऑस्ट्रेलियातील जेफ्री लिम यांच्या ‘इम्पल्स ट्रॅकर’ने ६४ ध्वनिमार्ग दिले. २००२ मध्ये आलेल्या ‘रिनॉइज’ला तर पूर्वीच्या मर्यादांपैकी जवळजवळ एकही लागू नव्हती. तरीही उभा पडदा, ओळी, सोळा-अंकी आकडे आणि परिणाम-संकेत कायम राहिले. टंचाई हेच या शैलीचे कारण असते तर टंचाईबरोबर शैलीही ओसरली असती. ज्यांचे कान आणि बोटे या पडद्यावर घडली, त्यांनी मोकळीक मिळूनही तो सोडला नाही. टंचाईने लिपीला जन्म दिला हे मान्य करावे लागते. तिला पुढे जगविले ते वापराने.

उघडी संहिता आणि जतनाचा प्रश्न :

ट्रॅकरची मॉड्यूल फाइल ही एकाच वेळी संहिता, वाद्यवृंद आणि प्रयोग असते. तीत स्वरही असतात आणि ध्वनिनमुनेही. जो कोणी ती मिळवील तो ती ट्रॅकरमध्ये उघडून रचनाकाराने प्रत्येक ठिकाणी काय केले ते ओळीओळीने वाचू शकतो. युरोपातील हजारो तरुणांचे संगीतशिक्षण असेच झाले. याची दुसरी बाजूही होती : ओबार्स्की यांच्या सॉफ्टवेअरसोबत आलेल्या एसटी-०१ या तबकडीतील ध्वनी असंख्य रचनांत पुन्हा पुन्हा ऐकू येतात, आणि दुसऱ्याच्या फाइलमधून नमुने उचलणे ही नित्याची गोष्ट होती. कर्तृत्वाची परिचित कल्पना येथे डळमळते. कोणाचा ढोल कोणी प्रथम मुद्रित केला याचा शोध बहुधा निष्फळ ठरतो. परंतु त्या ढोलाच्या शेजारी कोणता संकेत लिहिला आहे हे निर्विवादपणे वाचता येते, आणि समीक्षेने धरावयाचा पुरावा तोच.

फिनलंडने २०२० मध्ये आणि जर्मनीने २०२१ मध्ये डेमोसीनला, म्हणजे ज्या हौशी संगणककलेच्या वर्तुळात हे संगीत वाढले त्याला, आपापल्या राष्ट्रीय अमूर्त सांस्कृतिक वारसा-सूचीत स्थान दिले. ही मान्यता स्वागतार्ह आहे. मात्र जतन नेमके कशाचे करावयाचे हा प्रश्न तिने अधिकच निकडीचा केला आहे. सिडची ६५८१ ही मूळ आवृत्ती घेतली तर तिचा फिल्टर प्रत्येक नगात थोडा निराळा वाजतो. त्या चिपमधील एका दोषाचा लाभ घेऊन आवाजाच्या नियंत्रकामार्फत मुद्रित ध्वनी वाजविले जात. ८५८० या सुधारित आवृत्तीत दोष दूर झाला आणि तेच ध्वनी अगदी क्षीण झाले. मार्टिन गॅलवे यांची १९८७ ची ‘अर्कनॉइड’ ही रचना दोन चिपांवर दोन प्रकारे ऐकू येते, आणि यांपैकी कोणती प्रमाण मानावी हे केवळ ध्वनिमुद्रण ऐकून ठरविता येणार नाही.

मॉड्यूलच्या बाबतीत ध्वनिमुद्रणाने होणारे नुकसान याहून मोठे आहे. फाइल ऐकण्याजोग्या मुद्रणात बदलली की स्तंभ, संकेत आणि नमुन्यांची सीमारेषा एकदम नाहीशी होते. त्यांबरोबर आणखी एक गोष्ट जाते. प्रत्येक ध्वनिनमुन्याच्या नावासाठी फाइलमध्ये २२ अक्षरांची जागा राखलेली असते. वाद्याचे नाव लिहिण्यासाठी ती योजलेली होती. रचनाकारांनी तेथे मित्रांना नमस्कार, प्रतिस्पर्ध्यांना टोमणे आणि पत्रव्यवहाराचे पत्ते लिहिले. सुरुवातीच्या आवृत्त्यांत असे १५ नमुने होते, नंतर ३१ झाले. म्हणजे ३१ ओळींचे एक पत्र प्रत्येक रचनेसोबत प्रवास करीत असे, आणि ते संगीत वाजत असताना पडद्यावर उभे वाचले जाई.