'अल्टिमेट'च्या पुढे काय उरतं?

ज्युनिअर्सचे सिनॉप्सिस तपासायला येतात तेव्हा मी पहिल्या पानावर तीन शब्द शोधतो: अल्टिमेट, एक्स्ट्रीम आणि अटमोस्ट. बहुतेक वेळा तिन्ही सापडतात. कामाचं ध्येय 'अल्टिमेट' असतं, प्रयोगाची परिस्थिती 'एक्स्ट्रीम' असते आणि विषयाचं महत्त्व 'अटमोस्ट' असतं. व्याकरण बरोबर असतं, त्यामुळे गाईडही खोडत नाहीत. माझी तक्रार वेगळी आहे. हे तिन्ही शब्द एकच दावा करतात: याच्या पलीकडे काही नाही. हा मोजमापाचा दावा आहे, आणि त्या पानावर मोजमाप कुठेच नसतं.

ही सवय एकट्या विद्यार्थ्यांची नाही. नेदरलँड्समधल्या विंकर्स, टाइडिंक आणि ऑटे या तिघांनी २०१५ साली 'बीएमजे'मध्ये एक मोजणी छापली. १९७४ ते २०१४ या काळातले पबमेडवरचे शोधनिबंध घेऊन त्यांनी २५ कौतुकाचे शब्द किती वेळा येतात ते पाहिलं. १९७४-८० मध्ये असे शब्द २ टक्के निबंधांत होते, २०१४ मध्ये १७.५ टक्क्यांत. छापील पुस्तकांमध्ये तशी वाढ दिसली नाही. ती यादी कौतुकाच्या शब्दांची होती, टोकाच्या शब्दांची नव्हे, हे मान्य. पण 'युनिक' आणि 'अनप्रिसिडेंटेड' तिच्यात होते, आणि ते दोन्हींकडचे आहेत.

आता या शब्दांचा इतिहास बघा, कारण त्यातच गंमत आहे. 'अटमोस्ट'मधला 'मोस्ट' हा मुळात 'मोस्ट' नाहीच. जुन्या इंग्रजीत 'ऊट' म्हणजे बाहेर, आणि त्याला लागलेला प्रत्यय होता '-मेस्ट'. हा प्रत्ययसुद्धा दोन तुकड्यांचा. आधी 'म'चा एक जुना प्रत्यय होता, तो एकटाच 'सगळ्यात' असा अर्थ द्यायचा. पुढे लोक ते विसरले आणि त्यावर आणखी '-एस्ट' चढवला. अजून पुढे '-मेस्ट' हा 'मोस्ट'सारखा ऐकू येतो म्हणून तो 'मोस्ट'च समजला गेला. 'फोरमोस्ट'चीही तीच गोष्ट. जुन्या इंग्रजीत नुसत्या 'फोर्मा'चा अर्थच 'पहिला' होता. त्यावर थर चढत 'फोरमोस्ट' झाला. त्याच खोडापासून 'फॉर्मर' निघाला, म्हणजे 'सगळ्यात पहिला'ला 'अधिक'चा प्रत्यय लावून 'अधिक सगळ्यात पहिला'! आणि तो आज आपण 'माजी' या अर्थाने मुकाट्याने वापरतो.

'अटर' हा तर फक्त 'अधिक बाहेरचा' होता. 'आउटर'चंच जुनं रूप. बाहेर जाता जाता तो 'पूर्ण, निव्वळ' झाला. आपल्याला यात एक जास्तीची मजा आहे. इंग्रजी 'आउट' आणि संस्कृत 'उद्' यांचं मूळ एकच, त्यामुळे 'अटर' हा आपल्या 'उत्तर'चा आणि 'उत्तम'चा लांबचा नातेवाईक लागतो. 'उत्तम' म्हणजे उद् अधिक तम, सगळ्यात वरचा. पण आज 'चहा उत्तम झालाय' म्हटलं तर चहा चांगला झालाय एवढंच. मग खरंच सगळ्यात वरचा म्हणायचं असेल तर 'सर्वोत्तम' लागतो, म्हणजे 'सगळ्यांत सगळ्यात वरचा'. निमंत्रणपत्रिकेत 'उत्तमोत्तम'ही भेटतो. तेव्हा इंग्रजीला हसायचं कारण नाही.

लॅटिनकडून आलेले शब्द अधिक शिस्तीचे होते. एक्स्टेरुस म्हणजे बाहेरचा, एक्स्टेरिओर अधिक बाहेरचा, एक्स्ट्रेमुस सगळ्यात बाहेरचा. तसाच उल्टिमुस, सगळ्यात पलीकडचा. त्यातला '-तिमुस' आणि आपला '-तम' हे भाऊबंद. इंग्रजीने शब्द उचलले, पायऱ्या मात्र तिकडेच ठेवल्या. म्हणून 'मोअर एक्स्ट्रीम', 'मोस्ट एक्स्ट्रीम' सर्रास चालतं. मी याला चूक म्हणत नाही, भाषेत असं होतंच. फक्त एक लक्षात घ्या: हे शब्द वापरताना टोक गाठल्यासारखं वाटतं, आणि भाषा त्यांना केव्हाच टोकावरून खाली उतरवून बसलेली असते. (जाता जाता: 'पेनल्टिमेट' म्हणजे शेवटून दुसरा. 'अल्टिमेट'पेक्षा भारी असा त्याचा अर्थ नाही. हे मुलाखतीत ऐकलंय म्हणून लिहितोय.)

'तर' आणि 'तम' या दोन प्रत्ययांवरूनच मराठीत 'तारतम्य' हा शब्द आहे. कमी, जास्त, सगळ्यात जास्त यांतला फरक ओळखणं. विज्ञानातली काही नावं बघताना मला नेमकं तेच हरवलेलं दिसतं.

खगोलशास्त्रज्ञ यात सगळ्यांत पुढे. हबल दुर्बिणीने १९९५ मध्ये आकाशाच्या एका चिमुकल्या तुकड्याचं चित्र घेतलं, ते 'डीप फील्ड'. २००३-०४ मध्ये 'अल्ट्रा डीप', २०१२ मध्ये 'एक्स्ट्रीम डीप'. मग जेम्स वेब दुर्बीण आली, आणि अवरक्त प्रकाशातलं तोवरचं सगळ्यात खोल चित्र म्हणून २०२२ मध्ये जे दाखवलं त्याचं नाव पुन्हा साधं 'डीप फील्ड'. शब्द संपले, की शहाणपण आलं? चिलीत युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीची 'व्हेरी लार्ज' आहे, तिचे चार मुख्य आरसे प्रत्येकी ८.२ मीटरचे. तिच्यानंतर १०० मीटरची 'ओव्हरव्हेल्मिंगली लार्ज' कागदावर आली. खर्च आणि गुंतागुंत पाहून ती सोडली आणि ३९ मीटरची 'एक्स्ट्रीमली लार्ज' बांधायला घेतली. म्हणजे इथे एक्स्ट्रीम हे टोक नाही, तडजोड आहे.

'अल्टिमा थुली'चं प्रकरण जास्त बोलकं आहे. इसवी सनपूर्व चौथ्या शतकात मासालियाचा, म्हणजे आजच्या मार्सेचा, पिथिअस उत्तरेकडे समुद्रातून गेला आणि त्याने थुली नावाच्या जागेबद्दल सांगितलं. रोमन लेखकांनी तिला जगाचं टोक बनवलं. २०१८ मध्ये 'न्यू होरायझन्स' यानाच्या पुढच्या लक्ष्याला, २०१४ एमयू६९ या पिंडाला, नासाने हेच टोपणनाव दिलं. यानाने भेट दिलेला सगळ्यात दूरचा पिंड, या अर्थाने ते बरोबर होतं. पण 'भेट दिलेला' हा शब्द नावात नाही. हा पिंड पृथ्वी-सूर्य अंतराच्या साधारण ४३ पट लांब, आणि २००५ मध्ये जाहीर झालेला एरिस तेव्हाच सुमारे ९७ पट लांब होता. यान १ जानेवारी २०१९ ला तिथे पोहोचलं. त्याच्या दोनच आठवडे आधी १२० पट लांबचा एक पिंड जाहीर झाला, टोपणनाव 'फारआउट'. मग १३२ पट लांबचा सापडला, तो 'फारफारआउट'. मराठी वाचकाला हे नाव घरचंच वाटेल. थुली या नावाला नाझी इतिहास चिकटलेला असल्याने बरीच टीका झाली, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये पिंडाचं अधिकृत नाव 'अ‍ॅरोकोथ' ठरलं. पोव्हॅटन लोकांच्या भाषेत त्याचा अर्थ आकाश. या नावात टोकाचा दावाच नाही, आणि मला ते सगळ्यात टिकाऊ वाटतं.

नावं ही लोकांना गोडी लागावी म्हणून असतात, एवढं काय त्यात, असं कुणी म्हणेल. दुर्बिणीपुरतं मी सोडून देईन. पण रेडिओ लहरींचे पट्टे बघा: हाय, व्हेरी हाय, अल्ट्रा हाय, सुपर हाय, एक्स्ट्रीमली हाय. 'अल्ट्रा'च्या वर 'सुपर' का? कारण काही नाही, पाठ करायचं. नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्झमध्ये काम करते. यातला बहुतेक भाग 'अल्ट्रा हाय'मध्ये पडतो, आणि खगोलशास्त्रज्ञ तिला 'लो फ्रीक्वेन्सी' दुर्बीण म्हणतात. दोघंही आपापल्या जागी बरोबर, कारण दोघांचा शून्य वेगळा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने याच पट्ट्यांना क्रमांकही दिलेत. आठवा पट्टा म्हणजे ०.३ गुणिले १० चा आठवा घात ते ३ गुणिले १० चा आठवा घात हर्ट्झ. नवव्याला घात नववा. क्रमांक कळला की मर्यादा कळली. हे नाव कुणी वापरत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

शब्दामागे आकडा असेल तर माझी काही हरकत नाही. लॅबमधलं 'अल्ट्राप्युअर' पाणी म्हणजे २५ अंशाला १८.२ मेगाओहम-सेंटिमीटर रोधकता, मशीनच्या पडद्यावर दिसते. गणितवाले तर याहून काटेकोर. 'लोकल मॅक्झिमम' म्हणजे गल्लीतला दादा, आणि गल्ली कुठली ते आधी लिहायचं.

माझ्या स्वतःच्या विषयातला शब्द मात्र फसवा आहे: 'अल्टिमेट टेन्साइल स्ट्रेंग्थ'. आयएस २०६२ मधलं ई२५० पोलाद घ्या. पातळ जाडीला २५० मेगापास्कलला ते कायमचं ताणलं जाऊ लागतं आणि अल्टिमेट किमान ४१०. शब्द ऐकून वाटतं की इथे सळई तुटते. नाही. इथून पुढे ती एका जागी बारीक होत जाते, आलेखाची रेघ खाली उतरते आणि मग तुटते. म्हणजे 'शेवटचं' हे शेवटच्या आधी येतं. वायव्हात यावर एक ठरलेला प्रश्न असतो: सळई जिथे बारीक होते तिथल्या खऱ्या क्षेत्रफळाने भागलं तर ताण तुटेपर्यंत वाढतच जातो, मग ४१० ला 'सगळ्यात जास्त' का म्हणता? उत्तर एका ओळीचं आहे: कारण आपण भार सुरुवातीच्या क्षेत्रफळाने भागला.