‘आढळले नाही’ : एका विधानाची चिकित्सा

भूमिगत इंधनटाक्यांच्या गळतीसंबंधी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८८ साली केलेले नियम हा सामान्यतः अभियंत्यांच्या अभ्यासाचा विषय मानला जातो. तथापि त्यांतील भूजल-निरीक्षणाचे कलम अर्थविचाराच्या दृष्टीनेही तपासण्याजोगे आहे. कारण गळती आहे की नाही याचा निर्णय तेथे अखेर एका क्रियापदाच्या अर्थावर येऊन ठेपतो. ते क्रियापद म्हणजे ‘आढळणे’.

कलमाचा आशय थोडक्यात असा : टाकीच्या परिसरात निरीक्षण-विहिरी घ्याव्या व निदान दर ३० दिवसांनी त्या तपासाव्या. भूजल जमिनीच्या पृष्ठापासून २० फुटांहून खोल नसावे. साठविलेला पदार्थ पाण्यात न मिसळणारा व पाण्याहून हलका असावा. पाण्यावर तरंगणारा इंधनाचा थर निदान एक अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर, जाड झाला की तो ओळखण्याची क्षमता तपासणीच्या साधनात असावी.

या कलमाचा हेतू गळती लवकर व अल्प खर्चात कळावी एवढाच आहे. पाणी पिण्यास योग्य असल्याचा दाखला देणे हा नव्हे. शिवाय पद्धतीच्या अटी त्यात स्पष्टपणे नमूद आहेत. ही बाजू मान्य करूनही त्यात दोन अर्थदोष संभवतात.

पहिला दोष नामाचा. ‘पेट्रोल’ हे नाम एकवचनी असले तरी वस्तू एक नाही. ते अनेक द्रव्यांचे मिश्रण आहे. ‘पाण्यात मिसळत नाही’ हे विधान त्या मिश्रणाविषयी स्थूलमानाने खरे असले, तरी त्याच्या प्रत्येक घटकाविषयी खरे ठरत नाही. बेंझीन काही अंशी पाण्यात विरघळते आणि पिण्याच्या पाण्यात त्याची अमेरिकेतील मर्यादा अब्ज भागांत केवळ ५ भाग एवढी आहे. मेथिल टर्शिअरी ब्यूटिल ईथर हे पूर्वी तेथील पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे द्रव्य तर बेंझीनहूनही कितीतरी अधिक विरघळते. विरघळलेले द्रव्य तरंगत नाही. म्हणून थर शोधणाऱ्या साधनाला ते दिसतही नाही.

याचे गांभीर्य कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका शहराच्या अनुभवावरून ध्यानात येते. १९९५ साली शहराच्या चार्नॉक येथील विहिरींत हे ईथर सापडले. १९९६ साली त्याचे प्रमाण अब्ज भागांत ६०० भागांहून अधिक झाले व त्या विहिरी बंद कराव्या लागल्या. शहराचा जवळजवळ निम्मा पाणीपुरवठा त्यांवर अवलंबून होता. तेथील टाक्यांवर उपरोक्त पद्धतच वापरात होती, असे येथे सुचवावयाचे नाही. विरघळून दूर जाणारे द्रव्य केवढा अनर्थ करू शकते, एवढाच या उदाहरणाचा अर्थ. पुढे १९९७ साली त्याच संस्थेने चव व वास यांच्या दृष्टीने या द्रव्यासाठी २० ते ४० भागांची पातळी सुचविली. म्हणजे जे पाणी जिभेला खटकेल, तेच थरमापक साधनाला निर्दोष वाटू शकेल.

दुसरा दोष क्रियापदाचा. मराठीत ‘शोधणे’ या क्रियेला कर्ता लागतो. ‘आढळणे’ या क्रियेत शोधणारा वाक्याबाहेर राहू शकतो. ‘तेल आढळले नाही’ या वाक्यात कोणी शोधले, कशाने शोधले आणि किती सूक्ष्मतेपर्यंत शोधले, यांपैकी काहीच उरत नाही. कलमातील अटी कलमातच राहतात, अहवालात केवळ नकार उतरतो; आणि वाचक ‘आढळले नाही’ याचा अर्थ सहजच ‘नाही’ असा करतो. शोधाच्या क्रियेचा नकार अशा रीतीने वस्तूच्या अस्तित्वाचा नकार होऊन बसतो.

२०१५ साली या नियमांची दुरुस्ती झाली, तरी भूजल-निरीक्षणाची ही पद्धत कायम ठेवण्यात आली. यास्तव अहवालाच्या भाषेची जबाबदारी अद्याप संपलेली नाही. ‘३ मिलिमीटरपर्यंतचा तरंगता थर पाहिला, तो नव्हता, विरघळलेल्या द्रव्यांची तपासणी केलेली नाही’ हे वाक्य लांब आहे, परंतु खरे आहे. ज्यांच्या विहिरी टाकीच्या उताराकडील बाजूस आहेत, त्यांना या दोन वाक्यांतील भेद केवळ व्याकरणाचा वाटणार नाही.