पाचव्या आज्ञेतील एक शब्द

बारामती-इंदापूरकडील आपल्या कुटुंबांत पाचव्या आज्ञेचा विषय निघाला की कसाबचे उदाहरण पुढे येते. 21 नोव्हेंबर 2012 रोजी आपल्याच जिल्ह्यात, येरवड्याला त्याला फाशी झाली. मराठी बायबल 'खून' म्हणते, फाशी म्हणजे काही खून नव्हे, असा युक्तिवाद होतो. आम्हांस हा शब्दच तोकडा वाटतो. मूळ हिब्रू 'रात्साख' हे क्रियापद गणनाच्या 35व्या अध्यायात चुकून जीव घेणाऱ्यासाठी येते आणि 30व्या वचनात खुन्याच्या देहदंडासाठीही! तेथे 'खून' कसा बसावा? 'हत्या' त्यातल्या त्यात जवळचा. अर्थात नियमशास्त्रात देहदंड आहे, हे नाकारता येत नाही. 2018 साली पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षणग्रंथात देहदंड अस्वीकार्य ठरविला, तो मानवी प्रतिष्ठेच्या आधारावर. आणि त्या प्रतिष्ठेतून कसाबलाही वगळलेले नाही.